पोपट, मेहुणा आणि बंदा

घटनेची तारीख व वेळ: मंगळवार, ४ मार्च, सकाळी ११ वाजून २० मिनिटं
पत्राची तारीख: शनिवार, ८ मार्च

चि. खिळ्यास मावशीचे अ. आ., वि. वि.

वर दोन तारखा कशाला, असं तुला वाटेल. आमच्या मिशनच्या शाळेत सिस्टर लोकांनी बाकी काही शिकवलं असेल-नसेल, तक्रार कशी लिहायची ते पक्कं शिकवलं. आधी अन्याय कधी झाला ते लिहायचं, मग राग. उलट केलं की वही परत यायची. पुढे पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तीस वर्षं मी लोकांच्या तक्रारी टाईप केल्या, तेव्हा त्या बायकांची किंमत कळली. अकरा वीस ही वेळ मी काढलेली नाही. ती दवाखान्याच्या रिपोर्टवर छापलेली आहे आणि तिच्या खाली तुझी सही आहे.

रिपोर्ट माझ्याकडे कसा आला ते सांगते. माझ्या लोकरीच्या जाकिटाची दोन बटणं गेली होती. तुझ्या आईला नमुना पाठवला, तिने जोडीची पाठवली, ती काल पोचली, नेहमीसारखी कागदात गुंडाळून. चाळीस वर्षं बटणांचं दुकान चालवणारी बाई, हाताला येईल त्या कागदात गुंडाळते. बटणं काढली, कागद सरळ केला, चष्मा लावला. वर माझ्या सख्ख्या बहिणीचं नाव, आणि खाली: 'नेहमीच्या वस्तूंची ओळख, सातपैकी दोन. आर्थिक व्यवहार करण्यास असमर्थ. एकटं राहू देऊ नये.'

सातपैकी दोन! अरे, मला शिवणकामातसुद्धा इतके कमी पडले नव्हते.

किल्ली आणि चमचा तिने ओळखला, म्हणजे दोन. उरलेल्या पाच वस्तू पैसे होत्या. लहान नाणं दाखवलं, ती 'पिल्लू' म्हणाली. दहाचं दाखवलं, 'मेहुणा' म्हणाली. शंभराची नोट, 'पोपट'. यावर त्या तपासणाऱ्या मुलीने शेरा मारलाय की पेशंटला प्राणी-पक्षी दिसतात का, याची वेगळी चौकशी करावी. मग चिकटपट्टी लावलेली फाटकी नोट. तिला ताई 'पेशंट आहे, बाजूला ठेवा' म्हणाली, तर शेरा असा की स्वतः पेशंट असल्याचं भान नाही. शेवटी पाचशेची. ताई म्हणाली, 'बंदा आहे, मोड मागू नका.' इथे लिहिलंय: 'मोड आल्याचा उल्लेख. कडधान्याशी गोंधळ.'

कडधान्याशी! त्या मुलीला मोड म्हणजे सुटे पैसे हे माहीत नाही, आणि वेडी ठरली माझी बहीण. बंदा म्हणजे न मोडलेला, अख्खा. हे कुठल्याही दुकानदाराला विचार. मुलगी सुट्ट्यांना चेंज म्हणत असणार. म्हणू दे बापडी, पण मग परीक्षा तिची घ्या.

राहिले पोपट आणि मंडळी. ते आमच्या घरचे. तुझे आजोबा नदीवरच्या फेरीबोटीच्या तिकीटखिडकीत होते. खिडकीपुढे रांग, रांगेत नाना तऱ्हेचे लोक, आणि गल्ल्यात किती आहे ते कुणाला कळता कामा नये. म्हणून त्यांनी नावं पाडली. तेव्हाची हिरवी नोट पोपट. सगळ्यांत लहान नाणं पिल्लू. दहा पैशांचं नाणं वीस पैशांच्या नाण्याएवढंच दिसायचं, पण हातात घेतलं की हलकं. आमच्या मामासारखं, म्हणून त्याचं नाव मेहुणा. फाटकी नोट पेशंट, तिला बाजूला ठेवायचं आणि बँकेत न्यायचं. नोटा-नाणी नंतर चारदा बदलली, पण जुनं गेलं की त्याचं नाव नव्याला मिळत गेलं. ताईने पाचही बरोबर ओळखली. सातपैकी सात. पेशंटला बाजूला ठेवा म्हणाली तेही बरोबर.

आणि तू तिथे खुर्चीवर बसला होतास. अकरा वीसला. गप्प.

तुझ्या बायकोने फोनवर सांगितलं की ३१ तारखेला दुकानाची किल्ली त्या मोबाईलची कव्हरं विकणाऱ्याला द्यायची आणि ताईला तुमच्या तिसऱ्या मजल्यावर आणायचं. मी तिथेच फोन ठेवला. फोनवर बोललेलं कुणी फाईलला लावत नाही, म्हणून हे पत्र. रिपोर्ट रद्द करून घे, आणि परत तपासणी करव, मोड म्हणजे काय हे माहीत असलेल्या माणसाकडून.

धाकट्याला पापा. तुला यावेळी नुसताच आशीर्वाद, तोही मोजून.

मावशी


बुधवार, १२ मार्च

ती. मावशीस खिळ्याचा सा. न., वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. दुसऱ्यांदा हसू आलं, तिसऱ्यांदा नाही.

तू मला ओरडलीस ते बरोबर की चूक ते बाजूला ठेवतो. आधी काही गोष्टी लिहितो, ज्या तुला माहीत नसाव्यात. जानेवारीत आईने गॅसवर दुधाचं पातेलं ठेवलं आणि खाली दुकानात जाऊन बसली. पातेल्याला भोक पडलं. शेजारच्या टेलरकाकांना वास आला म्हणून निभावलं. विजेचं एक बिल तिने दोनदा भरलं आणि त्याच्या पुढचं भरलंच नाही. फेब्रुवारीत ती दुकानाच्या शटरपुढे अर्धा तास उभी होती, हातात वरच्या खोलीची किल्ली. टेलरकाका म्हणाले की ती चिडली नव्हती, किल्लीकडे बघून नुसती विचार करत होती. त्यांनीच मला फोन केला.

मावशी, मी लिफ्ट तपासतो. दोर झिजलाय असं दिसलं की मी लाल चिठ्ठी चिकटवतो. लोक म्हणतात, अहो, कालपर्यंत तर नीट चालत होती. सगळ्याच कालपर्यंत नीट चालत असतात.

अकरा वीसला मी गप्प बसलो, खरं आहे. त्या मुलीने नोट वर धरली आणि आई शांतपणे 'पोपट' म्हणाली. मला वाटलं, झालं, सुरू झालं. मी कसा बोलणार होतो? तो शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. बाबांना तिकीटखिडकीचा विषय घरात चालायचा नाही, तुला ठाऊक आहे. ते बँकेत होते, त्यांना त्यांच्या सासऱ्यांची नोकरी सांगायला लाज वाटायची. मोड आणि बंदा मला कळलं होतं, तेवढं मी त्या मुलीला सांगितलंही. तिने मान हलवली, पण खोडलं नाही.

आता माझा प्रश्न. तू म्हणतेस, ही आईची भाषा आहे. मग चाळीस वर्षं ती माझ्याशी त्या भाषेत का बोलली नाही? मला वाणसामानाला पाठवताना ती 'शंभराची नोट' म्हणायची. दुकानात गिऱ्हाइकांपुढेही तेच. मग डॉक्टरांकडे, परक्या मुलीपुढे, नेमकी आत्ताच का बोलली? याचं उत्तर तुझ्या पत्रात नाही. असेल तर कळव. मलाही ते हवंय.

कव्हरवाल्याला मी शब्द दिलाय, सही अजून केलेली नाही. त्याची घाई चाललीय.

रागावलेली का होईना, पण लिहीत राहा. बायकोचा नमस्कार. तिला वाटतंय तू तिच्यावर फोन आपटलास.

तुझा खिळा


शुक्रवार, १४ मार्च

ती. ताईस धाकटीचा सा. न., वि. वि.

बटणं पोचली. अगदी जोडीची आहेत. शिंपिणीला दाखवली तर तिला जुनी कुठली आणि नवी कुठली ते ओळखू येईना. मी लगेच जाकीट चढवून बाजारात एक फेरी मारली, उकडत होतं तरी.

कागदही पोचला. त्याबद्दल तुझ्या लेकाला मी चांगलं चार पानी झाडलंय. त्याने मला उलट एक प्रश्न विचारला आहे आणि मी मोठ्या पंचाईतीत पडले आहे. तो म्हणतो, आई माझ्याशी कधी पोपट म्हणाली नाही, मग तिथेच का म्हणाली? मला उत्तर ठाऊक आहे. तू गंमत केलीस. ती कोटातली पोरगी तुला चमचा दाखवून हे काय म्हणून विचारत होती, तुझं डोकं फिरलं आणि तू तिला आपल्या खिडकीचं पाणी दाखवलंस. मी असते तर चमच्यालाही काहीतरी म्हटलं असतं. तेवढं एका ओळीत लिहून खाली सही कर आणि मला पाठव, म्हणजे मी ते पुढे लावते.

पातेल्याचं कळलं. माझीही दोन जळली आहेत, कुणाला सांगू नकोस.

ताई, तुला आठवतं का, माझी शाळेची फी भरायची असायची त्या दिवशी तू खिडकीतून उठून मला रुमालात बांधून द्यायचीस. सगळा खुर्दा. ऑफिसातली सिस्टर एकेक पिल्लू बोटाने सरकवत मोजायची, मागे पोरी उभ्या असायच्या आणि माझे कान तापायचे. एकदा मी तुझ्यावर ओरडले की एक बंदा पोपट का देत नाहीस. तू तेव्हा चौदा वर्षांची होतीस आणि शाळा सुटून पलीकडच्या घाटावरच्या तिकीटखिडकीत कामाला बसायला लागून तुला वर्ष झालं होतं. सहा महिन्यांनी तू दिलास पोपट. कुठून दिलास ते मी विचारलं नाही. आज विचारते.

गुडघ्याला शेक घे. सही विसरू नकोस. माया आहेच, ती जाकिटाला लावून ठेवलीय.

तुझी धाकटी


सोमवार, १७ मार्च

प्रिय धाकटीस ताईचे अ. आ., वि. वि.

पत्र मिळालं. मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही, जसं येईल तसं लिहिते.

मी गंमत केली नाही.

तुला खरं सांगते. त्या मुलीने नोट धरली तेव्हा मला दिसलं सगळं. शंभर आहेत, खरी आहे, एका कोपऱ्यात घडी पडलीय, हे सगळं कळलं. पण तिला काय म्हणतात ते येईना. नोट हा शब्द आत्ता लिहितेय तो टेलरकाकांना विचारून लिहितेय. ती मुलगी थांबली होती. खिळा माझ्याकडे बघत होता. मी आत शोधलं तर पहिला तोच हाती लागला, आपल्या खिडकीतला. मला एवढं बरं वाटलं की निदान काहीतरी मिळालं. मग पुढचे सगळे आपोआप आले, एकामागून एक, बाबा पलीकडून विचारतायत असे.

असं अधूनमधून होतं. आपण रोज वापरतो ते नाव, तेच दगा देतं. जुनं नाव देत नाही. बटणांचं सगळं येतं मला. दोन भोकी, चार भोकी, शिंपली, शिंगाचं, कापडात मढवलेलं, सगळं. मोड चुकत नाही. किल्लीचं तसं झालं एकदा. किल्ली कुठली ते कळेना. दोन्ही पितळेच्या, मेल्या सारख्याच.

तो कागद चुकून गुंडाळला नाही. मुद्दाम गुंडाळला. तुला तोंडी सांगता आलं नसतं. तू लगेच भांडायला निघतेस.

त्या मुलीवर रागावू नकोस. कष्टाळू पोर आहे. तिच्या कोटाचं दुसरं बटण वेगळं होतं, बाकीची मोत्यासारखी आणि ते नुसतं पांढरं प्लॅस्टिकचं. घरी आल्यावर मी जोडीचं काढून पोस्टाने पाठवलं. पत्ता रिपोर्टवर होता. तिचं आभाराचं कार्ड आलं, गल्ल्यावर लावलंय.

पोपटाचं विचारलंस. सहा महिने मी पायी गेले, पलीकडच्या घाटावरून घरी येताना बोटीने न येता पुलावरून यायची. कामावरच्यांना तिकीट फुकट असायचं असं तुला वाटायचं. नसायचं. बाबांना पण माहीत नव्हतं. एवढं काही नाही त्यात, पूल छान होता, वारा असायचा.

खिळ्याला काय सांगायचं ते तू ठरव. तू शिकलेली. मला त्याच्याकडे जायचं नाही असं नाही, नातवाची आठवण येते. पण तिथे मी दिवसभर काय करू. तिथे माझं जुनं नाव असलेलं काहीच नाही.

जाकीट उन्हात घालून हिंडू नकोस. तब्येतीला जप.

तुझी ताई


बुधवार, १९ मार्च

चि. खिळ्यास मावशीचे अ. आ., वि. वि.

आजची तारीख नीट लिहून ठेव. सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी, ताईचं पत्र वाचून संपल्यावर, मी चुकले. माझ्या हयातीत हे फार वेळा झालेलं नाही. म्हणून तुझ्यासाठी वेळ टिपून ठेवली.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. तिने गंमत केली नव्हती. तिला 'नोट' हा शब्द सापडला नाही, म्हणून तिने जवळ होता तो दिला. ती तुझ्याशी चाळीस वर्षं त्या भाषेत बोलली नाही, कारण तुझ्या बाबांना चालत नव्हतं आणि तिला तुझी भाषा येत होती. आता ती मधूनमधून येत नाही. हे तिने मला लिहिलं आहे, ते मी तुझ्यापासून लपवत नाही. लपवायचा मोह झाला होता. तासभर कागद उशीखाली होता. पण तू लिफ्टचं लिहिलंस ना, मला पाणीपुरवठ्यातली एक तक्रार आठवली. नळाला पाणी येत नाही, अशी एका बाईने रोज तक्रार केली. माणूस गेला तर नळ ठीक होता, तिचा हात उठत नव्हता. दुरुस्ती करायची तर आधी काय बिघडलंय ते खरं लिहावं लागतं.

तर खरं हे. शब्द चाललेत. पण ते सगळे एकदम नाहीत, आणि सगळ्या रस्त्यांनी नाहीत. तिला किंमत कळते, मोड चुकत नाही, परक्या मुलीच्या कोटाचं बटण चुकीचं आहे हे कळतं. तुम्ही दोघांनी, तू आणि त्या तपासणाऱ्या मुलीने, तिला शब्द विचारले, हिशेब विचारला नाहीत. मीही तेच केलं. मी शब्दांसाठीच भांडले.

आता माझी मागणी. येत्या शनिवारी सुट्टी असेल तर दहा ते सहा तू तिच्या दुकानात गल्ल्यापाशी बस. लिफ्टखाली उभं राहून बघतोस तसा. मदत करू नकोस, सुधारू नकोस, तोंडाला कुलूप. सोबत यादी जोडली आहे, आजोबांच्या सगळ्या नावांची, मला आठवली तेवढी. पाठ करून जा. शाळेतल्या लहान मुलासारखी घोकंपट्टी कर, लाजू नकोस.

मग तुला जे दिसेल ते लिही. काय दिसायला हवं ते मी सांगणार नाही. सांगायची फार इच्छा आहे.

तुझ्या बायकोला सांग, फोन मी तिच्यावर नाही, तुझ्यावर आपटला. ती मध्ये आली. तिच्या हातच्या स्वेटरबद्दल मी अजून आभार मानलेले नाहीत, तेही सांग.

नरमलेली, पण फार नाही,
मावशी


रविवार, २३ मार्च

ती. मावशीस खिळ्याचा सा. न., वि. वि.

काल बसलो. दहा ते सहा. यादी खिशात होती, बसमध्ये दोनदा उजळणी केली.

आईला मी आधी सांगितलं नव्हतं. ती मला बघून खूश झाली आणि मी का आलोय ते तिने विचारलं नाही. गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसायला सांगितलं. दुकान आहे तसंच आहे, भिंतभर छोटे खण, प्रत्येक खणावर आतलं एक बटण शिवून लावलेलं. मला लहानपणापासून वाटायचं की ते सजावटीसाठी आहे. काल कळलं. तिला खणावर नाव लिहायची गरजच पडू नये, म्हणून ते आहे. चाळीस वर्षांपूर्वीपासून.

दिवसभरात एकवीस गिऱ्हाइकं आली. मी तिच्या मागोमाग मनात मोजत होतो. एकवीसपैकी एकाचीही मोड चुकली नाही. एका बाईने पाचशे दिले, आईने ते उजेडाला धरले आणि तिला म्हणाली की हा बंदा मोडायला माझ्याकडे आत्ता सुटे नाहीत, टेलरकडून आणते. गेली, मोड आणली, बरोबर दिली. एका माणसाने फाटकी नोट सरकवली, घडी घालून, फाटलेली बाजू आत. आईने ती उलगडली आणि मला म्हणाली की पेशंट आहे, याला परत पाठव. माझ्या तोंडून 'हो' आपोआप गेलं. आम्ही दोघं हसलो. मावशी, त्या माणसाला काहीच कळलं नाही. आजोबांनी हे कशासाठी केलं होतं ते मला तेव्हा समजलं.

दोन गोष्टी वेगळ्या झाल्या, त्याही लिहितो. दुपारी तिने चहा ठेवला आणि विसरली. मी उठून गॅस बंद केला, एवढा नियम मोडला. आणि चार वाजता टेलरकाकांची सून आली, तिने मला पाहिलेलं नव्हतं. हे कोण, असं तिने आईला विचारलं. आईने माझ्याकडे बघितलं. मला दिसत होतं ती शोधतेय. तिला 'मुलगा' हा शब्द सापडत नव्हता, माझं नावही. मी शब्द पुरवला नाही, तू बजावलं होतंस म्हणून. मला वाटलं आता पुन्हा अकरा वीस.

मग तिचा चेहरा एकदम मोकळा झाला आणि ती त्या सुनेला म्हणाली की हा माझा बंदा.

मी दुकानाच्या मागच्या बाजूला जाऊन थोडा वेळ खण बघत उभा राहिलो.

आता मला काहीच कळेनासं झालंय. दोर झिजलेला आहे, मी स्वतः पाहिला. पण लिफ्ट रिकामी नाही, तिच्यात आई आहे आणि ती नीट वर-खाली करतेय. अशा वेळी कुठली चिठ्ठी चिकटवतात ते आमच्या नियमात नाही. गॅसचं काय, बिलांचं काय, किल्लीचं काय? मी दोन तास लांब राहतो. कव्हरवाला म्हणतो सोमवार, ३१ तारखेपर्यंत सही करा, नाहीतर तो दुसरी जागा बघतो. सांग काय करू. पहिल्यांदाच विचारतोय, चिडवू नकोस.

तुझा खिळा (बंदा म्हणवून घ्यायला अजून धीर होत नाही)


मंगळवार, २५ मार्च

चि. खिळ्यास मावशीचे भरघोस आशीर्वाद, वि. वि.

चिडवत नाही. तुझं पत्र वाचल्यावर मला नाक पुसायला उठावं लागलं. माझं नाक बारा महिने वाहतं, उगाच अर्थ काढू नकोस.

तू विचारलंस, काय करू. मी काय करणार आहे ते आधी सांगते, मग तू तुझं ठरव.

माझी इथली जागा मी वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईला भाड्याने देते आहे. तिच्याशी काल बोलणं झालं, तिला तोंडी सांगून भागणार नाही म्हणून कागदही केला. मंगळवार, १ एप्रिल रोजी सकाळच्या गाडीने मी ताईकडे येते. तारखेवरून विनोद करू नकोस, तिकीट काढलेलं आहे. वरची खोली दोन खाटांपुरती आहे, मी बघितली आहे. गॅस माझ्याकडे. बिलं माझ्याकडे. दोन किल्ल्यांपैकी एकीवर बटण शिवू, म्हणजे खणांसारखं होईल. दुकान तिचं, मी त्यात हात घालणार नाही. मला दोन भोकी आणि चार भोकी यांतला फरक मोजूनच कळतो.

तुझ्या आईचे काही सुटे सांडलेत. माझे गुडघे, कान आणि जिभेवरचा ताबा हे सांडून बरीच वर्षं झाली. तिच्याजवळ उरलेले आणि माझ्याजवळ उरलेले एकत्र केले तर एक अख्खी बाई होते. किती वर्षं ते मला माहीत नाही. ज्या दिवशी जुनी नावंही तिला दगा द्यायला लागतील, त्या दिवशी मी स्वतः तिची पेटी भरून तुझ्या तिसऱ्या मजल्यावर आणून सोडेन. हेही लेखी देते आहे, जपून ठेव. तोवर दर दुसऱ्या शनिवारी तू येऊन स्टुलावर बसायचं आणि धाकट्याला घेऊन यायचं. त्याला पिल्लूपासून सुरुवात करू.

तुला वाटेल, या म्हातारीला एवढी घाई का. ताईने मला लिहिलं की चौदाव्या वर्षी ती सहा महिने रोज पुलावरून चालत गेली, बोटीचं तिकीट वाचवायला. त्या तिकिटांचा एक पोपट झाला आणि तो माझ्या शाळेच्या खिडकीतून आत गेला, मला सुट्टे मोजताना लाज वाटू नये म्हणून. ही गोष्ट मला एकसष्टाव्या वर्षी कळली. पुलावर वारा छान असायचा, असं ती लिहिते. माझं इंग्रजी, माझं टायपिंग, माझी ती तीस वर्षांची नोकरी आणि मी तुला लिहिलेली ही खमंग पत्रं, सगळं त्या पुलावरून आलं आहे. मी कशाची परतफेड करत नाही. एवढं सगळं कुणाला परत करता येत नसतं. मी फक्त रोज सकाळी तिचा गॅस बंद करणार आहे.

दवाखान्याला मी वेगळं पत्र लिहिलं आहे. माफी मागितलेली नाही, मागवलेलीही नाही. ताईला ती मुलगी आवडते, आणि तिच्या कोटाचं बटण आता जोडीचं आहे. मी फक्त आजोबांची यादी जोडली आणि लिहिलं की ती फाईलला लावून पुन्हा तपासणी करावी, मी सोबत येईन. त्यांनाही मुदत दिली आहे, पण ती त्यांची गोष्ट.

आता तुझी. हे सगळं मी ठरवलं, पण सही तुझ्या हातात आहे आणि ताईची इच्छा असो की माझा राग, तू केल्याशिवाय काही होत नाही. मी तुला ढकलणार नाही. लांबून रोज काळजी करायची असते ती तुला करायची आहे, मला नाही.

सोबत एक कोरं कार्ड आहे, माझा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं. लांबण लावू नकोस, कारणं लिहू नकोस, मला कारणं पाठ आहेत. एकच शब्द लिही. कव्हरवाल्याला किल्ली द्यायची असेल तर 'मोड' असं लिही. मी समजेन, भांडणार नाही, आणि तरीही १ तारखेला येईन, तिची बटणं डब्यांत भरायला. द्यायची नसेल तर दुसरा शब्द लिही. तो तुला शनिवारी चार वाजता कळला आहे.

उत्तर लेखी हवं. फोन मी उचलणार नाही. शनिवार, २९ मार्च, संध्याकाळी पाच वाजायच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. आमच्याकडे पोस्टमन साडेचारला येतो. मी चारपासून खिडकीत बसते.

तुझी मावशी